लिफ्ट, गच्ची की सोलर

रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते म्हणून घेतो, नाहीतर कुणाला हौस नाहीये. साडेदहाची वेळ दिलेली, पावणेअकराला चौदा टाळकी. 32 फ्लॅट आहेत, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे दोन तृतीयांश किंवा 20 यातलं जे कमी असेल ते, म्हणजे 20. मग नेहमीप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब, मी पार्किंगमध्ये उभी राहून सगळ्यांना फोन, "काकू या ना, दहाच मिनिटं". सव्वाअकराला 21 जण झाले. मी सेक्रेटरी आहे, का आहे ते विचारू नका, गेल्या वर्षी सभेला पाच मिनिटं उशिरा पोचले तेव्हा निवड होऊन गेली होती.

तर विषय असा की यंदा एकच मोठं काम निघू शकतं, तेवढाच पैसा आहे. एक, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरून रंग. दोन, नवीन लिफ्ट, कारण आत्ताची आठवड्यातून एकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ध्यानाला बसते. तीन, गच्चीवर सोलर, कॉमन लाईट आणि पंपाचं बिल कमी होईल म्हणून, केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला 18,000 सबसिडी पण आहे.

आता कोणाला काय हवं हे आधीच सांगता येतं. चौथ्या मजल्यावरचे सहा जण, त्यांच्या हॉलमध्ये पावसाळ्यात बादल्या लागतात, त्यांना गच्ची पहिली, मग लिफ्ट (चार मजले चढायचेत), सोलर गेलं उडत. दुसऱ्या-तिसऱ्यावरचे आठ जण, बहुतेक गुडघे दुखणारे, त्यांना लिफ्ट, मग सोलर, गच्ची शेवटी कारण पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तळमजला आणि पहिला मिळून सात, ते लिफ्ट वापरत नाहीत, त्यांना सोलर, मग रंगकाम (फ्लॅट विकायला काढला तर भाव येतो), लिफ्ट सगळ्यात शेवटी.

चेअरमन काकांनी हात वर करायला सांगितले. लिफ्ट 8, सोलर 7, गच्ची 6. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, झालं, लिफ्ट. तळमजल्यावरून लगेच आवाज, आठच जणांना हवीये, तेरा जणांनी दुसऱ्याला हात वर केलेत ते काय झेंडावंदनाला? मुद्दा बरोबर होता. मग काका म्हणाले दोन-दोन करून घेऊ, जो हरेल तो बाद, अजेंड्यावर ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने. पहिली जोडी गच्ची विरुद्ध लिफ्ट. गच्ची 13, लिफ्ट 8. लिफ्ट बाद. मग गच्ची विरुद्ध सोलर. सोलर 15, गच्ची 6. सोलर पास, मी मिनिट्समध्ये लिहिलं पण.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, जे सभेत एरवी फक्त चहा कधी येणार एवढंच विचारतात, ते म्हणाले, अहो लिफ्ट आणि सोलर समोरासमोर घ्या की एकदा, गंमत म्हणून. काकांनी पण हसत घेतलं. लिफ्ट 14, सोलर 7.

शांतता. आणि मग जो काही गोंधळ झाला.

म्हणजे बघा, गच्ची लिफ्टला हरवते, सोलर गच्चीला हरवतं आणि लिफ्ट सोलरला हरवते. एकही माणूस वेड्यासारखा वागलेला नाही, प्रत्येकाच्या डोक्यात स्वच्छ पहिला-दुसरा-तिसरा आहे, पण सगळ्यांची मिळून जी सोसायटी होते तिला मात्र काय हवंय तेच धड सांगता येत नाही. मी अकरावी-बारावी कॉमर्सला इकॉनॉमिक्स शिकवते, आणि ही गोष्ट एका फ्रेंच माणसाने, काँदोर्सेने, 1785 मध्ये लिहून ठेवलीये हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डोळ्यांसमोर घडताना बघणं वेगळं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण सगळे एकमेकांवर ओरडत होते म्हणून गप्प बसले.

घरी येऊन विजेच्या बिलाच्या मागे दुसरी पद्धत करून बघितली. बोर्डा नावाचा दुसरा फ्रेंच, काँदोर्सेच्याच काळातला, त्याचं म्हणणं की पहिल्या पसंतीला 2 मार्क, दुसरीला 1, तिसरीला 0, आणि बेरीज. गच्चीला आले 19. लिफ्टला 22. सोलरला 22. घ्या! मग अॅरो आठवला, केनेथ अॅरो, या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1951 मध्ये सिद्धच करून टाकलं की तीन किंवा जास्त पर्याय असले की साध्यासुध्या रास्त वाटणाऱ्या अटी (सगळ्यांना अ हे ब पेक्षा आवडत असेल तर निकालात पण अ वर हवा, तिसऱ्याच पर्यायामुळे अ आणि ब चा आपापसातला क्रम बदलता कामा नये, एकाच माणसाची हुकूमशाही नको, असल्या) एकत्र पाळून नेहमी सरळ क्रम लावून देईल अशी मतदानाची पद्धत असूच शकत नाही. म्हणजे आमच्या चेअरमन काकांना उगाच शिव्या पडल्या.

गंमत म्हणजे त्याच सभेत अर्धा तास आधी आम्ही दुसऱ्या एका गोष्टीवर मतदान केलं होतं आणि ते दहा मिनिटांत सुटलं. काम कुठलंही निघो, दर फ्लॅटमागे जादा वर्गणी किती काढायची. कोणी 3,000 म्हणालं, कोणी 5, कोणी 15, एकजण तर शून्य. पण इथे सगळे एकाच पट्टीवर उभे होते ना, कमीपासून जास्तपर्यंत, आणि ज्याला 5 हवेत त्याला 15 पेक्षा 8 बरे वाटणारच. असं असलं की लिफ्ट-गच्ची-सोलरसारखं गोल गोल फिरत नाही, जो बरोब्बर मधला असतो त्याचा आकडा जिंकतो, डंकन ब्लॅक या अर्थतज्ज्ञाने 1948 मध्ये हे मांडलंय. आमच्या 21 जणांत अकरावा आकडा 8,000 होता आणि तिथेच गाडी थांबली. शून्यवाले आणि पंधरावाले दोघेही नाराज.

यात खजिनदारांनी एक केलं ते मला फार आवडलं. मागच्या वर्षी थकबाकीवर व्याज लावायचं म्हटलं (उपविधीत तेव्हा 21 टक्क्यांपर्यंत मुभा होती) तर भांडणं झाली होती, आम्ही काय सावकाराकडून घेतलंय का वगैरे. यंदा ते म्हणाले, वर्गणी 8,500 धरू आणि 31 ऑक्टोबरच्या आत भरणाऱ्याला 500 सूट. सगळे खूश! अरे पण 8,000 वर 500 दंड म्हटलं असतं तर हेच लोक खुर्च्यांवर उभे राहिले असते. पैसे तेच, तारीख तीच. 500 गेले हे दुखणं 500 मिळाले या आनंदापेक्षा बरंच मोठं असतं, हे काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं, 1979 पासूनचं. आणि दंड-सूटवाली युक्ती तर अमेरिकेत क्रेडिट कार्डवाल्यांनी सत्तरच्या दशकातच वापरली होती, दुकानदार कार्डाला आणि रोखीला वेगळा भाव लावणार असतील तर त्याला कार्डाचा जादा आकार म्हणू नका, रोखीची सूट म्हणा, यासाठी त्यांची धडपड होती, रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने लिहिलंय याबद्दल. खजिनदारांनी यातलं काही वाचलेलं नाही, त्यांचं तीस वर्षं कापडाचं दुकान होतं.

लिफ्टबाबत पण एक असंच. दोन वर्षांपूर्वी मोटरवर दीड लाख घातलेत, "ते काय पाण्यात घालायचे का?" असं तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. ते पाण्यात गेलेच आहेत हो. नवीन घेतली तरी गेले, नाही घेतली तरी गेले. पण हे मी तोंडावर बोलले नाही, कारण माझ्याकडे स्वतःचा एक ट्रेडमिल आहे ज्यावर टॉवेल वाळत असतात आणि तो मी "एवढे पैसे घातलेत" म्हणून विकत नाहीये.

पण मला खरं लिहायचं होतं ते कोटेशनबद्दल. आम्ही गच्चीच्या कामाची तीन मागवली होती. एक 2 लाख 80 हजार, एक 4 लाख 10, एक 6 लाख. तिघंही गच्चीवर आले, तिघांनीही पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, पोकळ वाजलं की मान हलवली, चायना मोझॅकच्या भेगेत बोट घातलं, कोबा खालपर्यंत फोडावा लागेल की वरून केमिकल मारून चालेल यावर तिघांची तीन मतं. आता आम्ही काय ठरवणार? आमच्यात एक निवृत्त बँकवाले, एक डेंटिस्ट, मी. काम झाल्यावर गच्चीवर पाणी भरून दोन दिवस ठेवतात आणि खाली गळतं का बघतात, पण ते पैसे दिल्यानंतर. आणि दोन दिवस टिकलं म्हणजे पाच पावसाळे टिकेल असं थोडंच आहे. आतमध्ये किती हात मारले, माल पातळ केला का, हे फक्त त्याला माहीत. मग आपण काय करतो, काही कळत नाहीये तर निदान स्वस्त तरी घेऊ. 2 लाख 80 वाल्याकडे सगळ्यांचे डोळे.

गेल्या वेळीही असंच स्वस्तातलं घेतलं होतं, तो कंत्राटदार पोरगा ॲडव्हान्स घेईपर्यंत दिवसातून दोनदा फोन करायचा, नंतर फोन उचलेना, दुसऱ्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर परत बादल्या. आणि यावेळी माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या माणसाला मी फोन केला, ज्याने माझ्या भावाच्या बिल्डिंगचं काम केलंय आणि आठ वर्षं थेंब नाही, तर तो म्हणाला, "ताई, खरं सांगू, सोसायटीच्या कामाला मी कोटेशनच देत नाही आता. माझा आकडा बघून लोक हसतात."

झालं, अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ सांगतो ते हेच. विकणाऱ्याला मालाची खबर आहे, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, त्या भावात चांगल्या मालवाल्याला परवडत नाही, तो उठून जातो, मग सरासरी अजून खाली, भाव अजून खाली. त्याने हे जुन्या गाड्यांवरून लिहिलं, 1970 मध्ये छापलं गेलं, त्याआधी तीन जर्नल्सनी परत पाठवलं होतं आणि 2001 मध्ये याच कामासाठी त्याला (आणखी दोघांसोबत) नोबेल. आपल्यासाठी विशेष म्हणजे हा माणूस 1967-68 मध्ये दिल्लीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता आणि त्या पेपरात भारतातले सावकार आहेत, आणि तांदूळ पण आहे! बाजारातला तांदूळ बाईला नीट निवडून घ्यावा लागतो कारण त्यात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, असं लिहिलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी सूप घेऊन पायरीवर बसलेली दिसली.

यावर उपाय नाहीत असं नाही. गॅरंटी हा एक, ज्याला आपल्या कामाची खात्री आहे त्यालाच ती देणं स्वस्त पडतं, पण तोंडी सात वर्षं तिघांनीही दिलीच. म्हणून मी तिघांना मेसेज केला की बिलाच्या दहा टक्के आम्ही दोन पावसाळे राखून ठेवणार, चालेल का. सहा लाखवाला म्हणाला चालेल, चार लाख दहावाल्याने एक पावसाळा म्हणून घासाघीस केली, आणि 2 लाख 80 वाल्याचे निळे टिक आले, उत्तर आलं नाही. चाळीस शब्दांचा मेसेज, त्यात तीन हातोड्यांच्या टकटकीपेक्षा जास्त कळलं. पण हे सभेत सांगेपर्यंत गच्ची हरली होती.

हां, आणि एक राहिलं. तीनच पर्याय आणि दोन-दोनची कुस्ती, म्हणजे जो शेवटी आखाड्यात उतरतो तो जिंकतो, आमच्या आकड्यांत तरी. पहिली जोडी सोलर-लिफ्टची लागली असती तर शेवटी गच्ची जिंकली असती. पहिली गच्ची-सोलरची लागली असती तर लिफ्ट. काल चेअरमन काका जिन्यात भेटले, म्हणाले लोक मला बोलतायत की मी मुद्दाम सोलर शेवटी घेतलं, अगं मी तर नोटिशीवर जे होतं तेच वाचत गेलो, विषय सात, आठ, नऊ.

नोटीस मी टाईप केली होती. रात्री साडेअकराला, मोबाईलवर, काही विचार न करता, असं मला तरी आठवतंय. आणि मी पहिल्या मजल्यावर राहते.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी आज सकाळी ग्रुपवर हॉलमधल्या बादलीचा फोटो टाकलाय. सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी येऊन गेलेत, माझं उत्तर अजून टाईप करून तसंच पडलंय.