आमची वाटचाल: दवाबाजारातून दवाखान्यात

इंदूरला आरएनटी मार्गावर कॉम्प्युटरच्या दुकानांचा सिल्व्हर मॉल आहे आणि औषधांचा दवाबाजारही. आमच्या धंद्याची कुंडली या एकाच रस्त्यावर मांडली गेली. विंडोज एक्सपीच्या जमान्यात मी आणि धाकटा भाऊ सिल्व्हर मॉलमधून सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडून द्यायचो. गिऱ्हाईक मात्र दवाबाजारातलं. बॅच नंबर, एक्सपायरी, कंपनीच्या स्कीमा हे सगळं सांभाळणारं बिलिंग त्यांना हवं होतं आणि भावाला प्रोग्रामिंग येत होतं. जोडणीत सुटायचं ते चहापाण्यालाच पुरायचं, म्हणून आम्ही सॉफ्टवेअर धरलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमची बरकत झाली. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

दवाखान्यांकडे नेलं ते औषधवाल्यांनीच. ‘आमच्या डॉक्टरसाहेबांचंही काही करून द्या ना भिया.’ लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर इथले मराठी डॉक्टर आधी आले. त्यांना हवं होतं नंबर लावणं, फीची पावती आणि जुना पर्चा, म्हणजे केसपेपर, चटकन सापडणं. पेशंटची माहिती गुप्त राहावी असं कोणी मागितलं नाही. अजूनही फारसं कोणी मागत नाही. तरी आमचं नाव झालं ते त्याच कामावर.

बसवायला गेलं की दिसायचं. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, पासवर्ड दवाखान्याचं नाव आणि तो मॉनिटरवरच चिकटवलेला. स्क्रीनचं तोंड पेशंटांच्या बाकाकडे. रिपोर्ट कंपाउंडरच्या स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपने जाणार, फोटो त्याच्या गॅलरीत साठणार. उद्या तो नोकरी सोडून गेला की गॅलरीही गेली त्याच्याबरोबर. आपल्या वस्तीत कोणाच्या सुनेची मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू आहे, कोणाला टीबीच्या गोळ्या लागल्या, हे ती माणसं घरी पोचायच्या आत गणपतीच्या मांडवात पोचतं. मग ठरत आलेलं स्थळ मोडतं. यात हॅकर कुठे आला?

म्हणून आम्ही काउंटरपासून सुरुवात केली. रिसेप्शनला नाव, नंबर, फी एवढंच दिसेल, निदान नाही. प्रत्येकाचा वेगळा पिन. लांबलचक पासवर्ड गर्दीत कोणी टाकत नाही, हे आधीच मान्य केलं. नावाचा पुकारा बंद, टोकन नंबर सुरू. कोणता पर्चा कोणी, किती वाजता उघडला याची नोंद आपोआप होते. रिपोर्ट ओटीपी टाकून उघडणाऱ्या लिंकवर जातो. आजीबाईंना ते जमत नाही, त्यांच्यासाठी बंद लिफाफा.

डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर, ‘आमचा माणूस घरचाच आहे हो.’ अशाच एका दवाखान्यात महिन्याची नोंद काढून दाखवली. त्या दिवशी आलेलीच नव्हती अशा एका मुलीचा पर्चा दुपारी, ओपीडी बंद असताना उघडलेला होता. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण पिन संध्याकाळपर्यंत वाटून झाले.

उलट टोकाचेही भेटतात. गुप्तता म्हणजे कोणालाच काही द्यायचं नाही, असं धरून बसलेले. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची माहिती फॉर्म एफ मध्ये भरून सरकारला द्यावीच लागते, टीबीची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर करावीच लागते. पेशंटने स्वतःचे कागद मागितले तर डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायचे. एचआयव्ही आणि मानसिक आजारांसाठी मात्र २०१७ चे दोन वेगळे कायदे आहेत, म्हणून त्या नोंदींना आम्ही आणखी एक कुलूप ठेवलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथलं काम पुन्हा हातानं, कागदावर आलं. त्या आठवड्यात आमचे फोन थांबेनात. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवायची आणि अधूनमधून ती उघडते का ते बघायचं, हे तेव्हा लोकांच्या गळी उतरलं. मॉनिटरवरची चिठ्ठी काढायला मात्र पुन्हा सांगावं लागलं.

आता बाजारात भीती विकली जाते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, २५० कोटींपर्यंतचा दंड, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियम. मग कोणीतरी सर्टिफिकेट घेऊन दारात उभा. बहुतेक जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, हे तो सांगत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातले लोक सांगायचं टाळतात: सॉफ्टवेअर कोणाचंही असो, कायद्यापुढे जबाबदार डॉक्टरच. मी ती करार करतानाच सांगतो. म्हणून आमच्याच पोरांवर बंधनं घातली. दवाखान्यातून परवानगी दिल्याशिवाय रिमोट लावून लांबून त्यांचा कॉम्प्युटर उघडायचा नाही, चाचणीला खऱ्या पेशंटची माहिती घ्यायची नाही. कोणी आम्हाला सोडून दुसरीकडे गेलं तर त्यांचा डेटा सहज वाचता येईल असा सोपवायचा आणि आमच्याकडचा पुसायचा. पेशंटचा डेटा आभाच्या, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याच्या, १४ अंकी नंबराशी जोडायचा की नाही, हे पेशंटने ठरवायचं, आमच्या विक्रीच्या टार्गेटनं नाही.

महू आणि देवासचे दवाखाने हल्ली जास्त येतात. नवीन ठिकाणी गेलो की मी लॅपटॉप उघडत नाही. पेशंटांच्या बाकावर जरा वेळ बसतो आणि तिथून काय ऐकू येतं, काय दिसतं ते लिहून डॉक्टरांच्या हातात देतो. काही जण वाचून फक्त मॉनिटर फिरवून घेतात आणि सॉफ्टवेअर नंतर बघू म्हणतात. भाऊ चिडतो. मी त्यांचा चहा पिऊन येतो.