गोधडीसाठी जपानी सुती कापड: क्योतोचे दोन बाजार आणि थोडं पुढे

जुनं जपानी सुती कापड हवं असेल तर क्योतोचा मुक्काम असा बसवा की महिन्याची २१ आणि २५ तारीख दोन्ही पदरात पडतील. २१ला तोजी मंदिराच्या आवारात बाजार भरतो, २५ला कितानो तेनमांगू या देवस्थानाच्या. पहिला कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या पुण्यतिथीचा, दुसरा विद्येचा देव मानलेल्या मिचिझानेंचा. तोजी क्योतो स्टेशनच्या हाचिजो बाजूने पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत गर्दी फार, जमलं तर टाळा.

मी मावशीबरोबर गेले होते. तिने आयुष्यभर जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या. रेशमी किमोनोंच्या ढिगांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. बरोबरच होतं तिचं: रेशीम दिसायला छान, पण रोज अंगावर घ्यायच्या, वारंवार धुवायच्या पांघरुणाला सूतच हवं. आपल्या कामाचा तो युकाता, उन्हाळ्यात आणि अंघोळीनंतर घालायचा सुती झगा. ढिगावर ५०० किंवा १००० येन अशी हाताने लिहिलेली पाटी असते. सकाळी लवकर जा, सुटे येन जवळ ठेवा; कार्डाच्या भरवशावर राहू नका. घासाघीस करायचीच तर तीन-चार नग एकदम उचलून हसत विचारावं.

निवडताना आधी कापड उलटं करून पाहा. चांगल्या युकात्यात रंग ओतून आरपार नेलेला असतो, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागची बाजू पांढरट असेल तर ती वरवरची छपाई, आणि स्वस्त नव्या युकात्यात पॉलिएस्टरही असतं. मग बसायचा भाग आणि गळपट्टी उजेडाकडे धरा, झिजलेलं असेल तर तिथेच कळतं. थोडं विटलेलं मात्र बिनधास्त घ्या. जुन्या युकात्यांचे तिकडे बाळांचे लंगोट करत, हे ऐकल्यावर मावशी म्हणाली, “मग दुपट्यांचंच कापड की हे!”

खरी गंमत उसवताना. युकाता एका अरुंद ताग्यातून शिवतात: पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी १२ मीटरच्या आसपास. सगळे तुकडे सरळ आयताकृती, काखेला किंवा गळ्याला गोल कापणी नाही. हाताचा धावदोरा असेल तर तो भराभर निघतो आणि लांबलचक पट्ट्या हाती येतात. गळपट्टी आणि पुढची जोडपट्टी तेवढी अर्ध्या पन्ह्याची. एका युकात्यात एकेरी गोधडीचा वरचा थर जवळजवळ भागतो. मशीनची शिवण असेल तर वेळ जातो, म्हणून घेतानाच शिवण बघा.

निळ्या-पांढऱ्या कासुरीचे तुकडेही याच बाजारांत मिळतात. सूत बांधून, रंगवून मग विणलेलं, म्हणजे पोचमपल्लीच्या जातीचं कापड. फुकुओकाकडचं कुरुमे कासुरी नावाजलेलं. ओला पांढरा रुमाल घासून पाहा, निळा उतरला तर ते फिक्या कापडाशेजारी जोडू नका.

वेळ असेल तर नागोया शहराच्या हद्दीतल्या आरिमात्सूला जा. १६०८ साली वसलेलं हे गाव शिबोरीसाठी, म्हणजे गाठी मारून रंगवण्यासाठी प्रसिद्ध. मेइतेत्सु रेल्वेचं स्टेशन गावातच आहे, आणि शिबोरी भवनात कारागीर गाठी बांधताना दिसतात. कापड सुंदर पण महाग, शिवाय इस्त्री फिरवली की त्याच्या चुण्या सपाट होऊन जातात. गोधडीला एखादा चौकोन पुरे. तोक्योत निप्पोरीची कापडगल्ली नव्या कापडासाठी ठीक. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

सुती झग्यांचं वजन चटकन वाढतं. क्योतो स्टेशनशेजारीच मोठं टपाल कार्यालय आहे, जास्तीचं तिथून पाठवता येतं. घरी आणल्यावर आधी उसवा, मग धुवा; शिवणीत दडलेली धूळ आणि डांबरगोळ्यांचा वास तेव्हाच जातो. पहिल्या धुण्याला प्रत्येक रंग वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात, आणि वाळवायचं सावलीत.