तुम्ही विचारलेत म्हणून: मी बेशुद्ध नव्हतो

‘मण्यार चावल्यावर तुम्ही बेशुद्ध होतात ना, मग तेव्हाचे बोलणे आठवते कसे?’ या प्रश्नाला कंटाळून मी कित्येकदा ‘हो, बेशुद्धच होतो’ असे सांगून सुटका करून घेतली आहे. ते खोटे होते.

मण्यारीचे चेताविष, म्हणजे मज्जातंतूंना लुळे पाडणारे विष, रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूची आज्ञा ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने जिथे स्नायूला मिळते, तिथे ते घाव घालते. नागाचे विष मुख्यतः स्नायूवरचे ग्राहक, म्हणजे हे रसायन झेलणाऱ्या जागा, अडवून बसते. मण्यारीचे विष तेही करते आणि शिवाय मज्जातंतूचे टोकच निकामी करते. त्यामुळे प्रतिविषाने रक्तातले विष मारले, तरी ती टोके पुन्हा उगवेपर्यंत श्वास यंत्रानेच द्यावा लागतो. माझ्या आधी पापण्या मिटल्या, मग एकाचे दोन दिसू लागले, थुंकी गिळवेना, मान धरवेना आणि शेवटी छाती हलेना. कान मात्र शाबूत होते.

तिसऱ्या रात्री एका डॉक्टरांनी माझी पापणी बोटाने उचलून टॉर्च मारला. तो पांढरा झोत मला दिसला. ‘बाहुल्या फाकल्या आहेत, आकसत नाहीत. आता आशा ठेवू नका,’ ते म्हणाले. ‘म्हणजे याला काहीच कळत नाही?’ भावाने विचारले. ‘नाही.’ घशात नळी, जीभ लाकडासारखी. मी सगळा जीव एकवटून उजव्या पायाचा अंगठा हलवत होतो आणि तो हलत नव्हता. पाचव्या दिवशी पहाटे तो किंचित हलला, तेव्हा प्रत्येक सुईआधी ‘आता टोचते हं’ म्हणणाऱ्या परिचारिकेनेच तो पाहिला.

बाहुलीच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या तंतूंनाही हे विष लुळे पाडते, हे मला फार उशिरा कळले आणि त्या डॉक्टरांना क्षमा केली, असे मी पूर्वी सांगत असे. आज तसे ठामपणे म्हणवत नाही, कारण केसपेपरवर ‘मण्यारदंश’ असे स्पष्ट लिहिलेले होते. पण दंश न दुखल्यामुळे पोटातल्या कळांना पित्त समजून पहाटेपर्यंत पडून राहिलो तो मीच, हेही खरे.

त्या रात्री डॉक्टर गेल्यावर भाऊ माझे तळवे चोळत बराच वेळ बोलत होता. मी काय ऐकले, हे इतरांनी विचारले. त्याने नाही, आणि मीही त्याला सांगितलेले नाही.