पाचशेची नोट आणि माझी न जमणारी नायिका

एकांकिकेतली नायिका दृष्टिहीन, मी डोळस. काळा चष्मा, गोड गळा आणि ‘सहावं इंद्रिय’ खोडायला पाच मिनिटं लागली. लोकलचा प्रवेशही पटकन झाला. बऱ्याच स्टेशनांवर दिव्यांग डब्याच्या जागी बीप वाजतो, ती त्या दिशेने जाते. अडलं ते वडापावच्या गाडीवर.

प्रसंग एवढाच, की ती पैसे देते. पहिल्या खर्ड्यात तिने नोट चाचपली आणि म्हणाली, ‘पाचशेची.’ चमत्कारच! दुसऱ्यात गाडीवाल्याने तिला फसवलं, म्हणजे प्रेक्षकांची हळहळ ठरलेली. एकदा देवी, एकदा बिचारी. पुढचे दोन खर्डेही याच दोघींमध्ये हेलकावत राहिले. चिडचिड नुसती. नोट ओळखतात कशी, हेच मला माहीत नव्हतं आणि ती फट मी भावनेने बुजवत होतो.

उत्तर मिलिमीटरमध्ये निघालं. नव्या मालिकेतल्या शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटा रुंदीला सारख्याच, 66 मिमी. लांबी 142, 146, 150. कडेला उठावाच्या रेघा असतात: शंभरला चार, पाचशेला पाच, दोनशेलाही चारच, पण मध्ये दोन वर्तुळं. नोट मळून मऊ झाली की रेघा बोटाला लागेनाशा होतात. त्यात जुनी शंभराची 157 मिमी, म्हणजे नव्या पाचशेपेक्षा लांब, आणि ती अजून चालते! म्हणून नोटा घरूनच लावून निघायचं. पाचशेची दुमडलेली, शंभरच्या सरळ, दहा-वीस वेगळ्या कप्प्यात. शंका आलीच तर रिझर्व्ह बँकेचं 2020 मध्ये आलेलं ‘मनी’ अ‍ॅप नोट बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही.

एवढं कळल्यावर प्रसंग अर्ध्या पानात बसला. ती दुमडलेली नोट देते, सुटे मोजून कप्प्यांत लावते. मागचा गिऱ्हाईक ‘आटपा ना ताई’ म्हणतो. ती आणखी चटणी मागते.

डोळ्यांना पट्टी बांधून घरात फिरू नका. त्यातून नवख्याची घाबरगुंडी कळते, वर्षांची सवय नाही. तिला नेमकं किती दिसतं, हे मात्र पहिल्या पानाआधी ठरवा. अनेकांना उजेड किंवा आकार कळतात.

आणि हो, खर्डा दृष्टिहीन वाचकाला द्याच, मानधन देऊन. ‘ठीक वाटतं का?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच येतं. ‘इथे तुम्ही काय केलं असतं?’ विचारा. फाइल युनिकोडमध्येच हवी. जुन्या डीटीपी (छपाईच्या) फॉन्टमधलं मराठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून वाचतो, आणि पानांचे फोटो पाठवले तर तेवढंही नाही.