शब्द ऐकायचे नाहीत

सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात एक शिस्त लावून दिली होती : तक्रार आलेल्या तारांच्या जोडीवर टेस्ट फोनचे चिमटे लावायचे, टोन मिळाला की काढायचे, आणि कोणी बोलत असेल तर शब्द ऐकायचे नाहीत. एमडीएफच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनी एक्स्चेंजला जिथे जोडल्या जात त्या उभ्या चौकटीवर शहरभराच्या तारांच्या जोड्या रांगेने बसवलेल्या असत; चिमटा लावताच पूर्व भागातल्या एखाद्या टॉवेल कारखानदाराचे सुताच्या भावावरून चाललेले भांडण कानात शिरे. ते बहुधा तेलुगूत असे, त्यामुळे शिस्त पाळणे सोपे जाई. मात्र कोणाचे बोलणे चोरून ऐकायचेच ठरवले, तरी एका माणसाला एका जोडीवर कान लावून बसावे लागे. त्या अडचणीतच लोकांचे बरेचसे संरक्षण होते, हे मला फार उशिरा उमगले.

ते उमगले मार्क क्लाइन यांच्यामुळे. अमेरिकी सरकारची गुप्त टेहळणी उघड करणारे एडवर्ड स्नोडेन सर्वांना माहीत आहेत. क्लाइन मात्र आमच्या जातकुळीचे, म्हणजे तारा जोडणारे. सॅन फ्रान्सिस्कोतील फोल्सम स्ट्रीटवरच्या एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या इमारतीत ते सातव्या मजल्यावरची इंटरनेटची यंत्रणा सांभाळत. सहाव्या मजल्यावर ६४१ए क्रमांकाची एक खोली होती आणि तिथे नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या अमेरिकी गुप्तचर संस्थेने पारखून घेतलेल्या तंत्रज्ञालाच प्रवेश होता. क्लाइन यांच्याकडे काम होते ते ऑप्टिकल फायबरच्या लाइनी स्प्लिटरला जोडण्याचे. स्प्लिटर प्रकाश दुभागतो. दोन्ही शाखांत तोच मजकूर जातो, फक्त प्रकाश मंद होतो. एक शाखा आपल्या वाटेने पुढे जात होती, दुसरी त्या खोलीत उतरत होती. इथे जोडी निवडण्याचा प्रश्नच उरला नव्हता, कारण जे वाहत होते ते सगळेच्या सगळे दुसरीकडेही पोहोचत होते. अधिकाऱ्याला आदेशाच्या कागदात जे दिसत नाही, ते जोडणी करणाऱ्याला आराखड्यात दिसते. क्लाइन यांना ते दिसले.

२००४ मध्ये निवृत्त होताना त्यांच्याजवळ आराखड्यांची कागदपत्रे होती. जानेवारी २००६ मध्ये ती घेऊन ते इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेकडे गेले आणि ग्राहकांचा मजकूर सरकारला पुरवल्याबद्दल कंपनीविरुद्ध झालेल्या दाव्याला ठोस पुरावा मिळाला. पुढे अमेरिकी काँग्रेसने २००८ मध्ये कायदा करून दूरसंचार कंपन्यांना मागील तारखेपासून अभय दिले आणि तो दावा निकाली निघाला. न्यायालयात हरत आलेल्याला कायदाच बदलून मिळावा, असे भाग्य आमच्या जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना कुठले!

स्नोडेन यांनी दिलेल्या कागदांवरून ५ जून २०१३ रोजी पहिली बातमी आली, ती व्हेरायझन या दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज सरकारकडे सोपवण्याच्या गुप्त न्यायालयीन आदेशाची. त्याआधी तीनच महिने, लाखो अमेरिकनांची माहिती गोळा होते का, या प्रश्नाला गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी सिनेटच्या समितीसमोर नकारार्थी उत्तर दिले होते. २०२० मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती नोंद-गोळाई बेकायदा ठरवली. तोपर्यंत स्नोडेन रशियात राहून सात वर्षे झाली होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन टॅपिंगवर बंधने घातली : आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवत नेली तरी सहा महिन्यांच्या आत. ही बंधने एका जोडीवर लावलेल्या चिमट्याला छान बसतात. स्प्लिटरवर ती कशी बसवायची, हे मला निवृत्तीनंतरही सुचलेले नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो लागू झाल्याची अधिसूचना काही निघाली नाही. आमच्या खात्यात याला ‘जोडणी मंजूर, जंपर बाकी’ म्हणत; जंपर म्हणजे चौकटीवर लाइन प्रत्यक्ष जोडणारी तार.