शिवपुरीत चितळं मोजताना

ग्वाल्हेरहून शिवपुरी अडीच तासांवर, पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी तिकडे निघायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून डबे. आत्याने धपाटे, लोणचं आणि मुरैन्याची गजक पिशवीत कोंबली. "शिंद्यांच्या माधो महाराजांच्या शिकारीचं रान आहे ते, उपाशीपोटी नाही हिंडायचं." शिकारीचा आणि धपाट्यांचा संबंध काय, हे आत्याला विचारायची सोय नाही.

जानेवारीचं धुकं, थंडीने बोटं बधिर. माधव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर जिप्सी मिळाली, सोबत गाइडभैया. पहिल्याच वळणावर चितळं. एक नर रस्त्याच्या कडेलाच उभा. शिंगांवर अजून लव होती, बाळाच्या टाळूवर असते तशी. ही शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची, चिंकाऱ्याची मात्र जन्मभराची. आत्या सगळ्यांना हरिणच म्हणते आणि मोजायला लागते. "बेचाळीस, त्रेचाळीस..."

गाइडभैया हसला. "माताजी, ऐसे नहीं गिनते."

मग त्याने जे सांगितलं त्यात आमची सफारी निम्मी संपली. गार्ड पहाटे ठरलेल्या सरळ रेषेत चालतात. कळप दिसला की किती जनावरं, किती अंतरावर, कोणत्या कोनात, हे लिहून घेतात. त्यावरून न दिसलेल्यांचा हिशेब निघतो. शिवाय लेंड्या. दर ४०० मीटरला २० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा आखायचा आणि त्यातल्या लेंड्यांचे ढीग मोजायचे. चितळाची कुठली, नीलगायीची कुठली, हे बघून ओळखायचं. आत्याने नाकाला पदर लावला, पण कान तिकडेच.

मी पुढची बोर बघत होते. कुणी दोरी धरून छाटल्यासारखी खालून सपाट, त्या रेषेखाली एक पान नाही. "कटिंग किसने की?" मी विचारलं. "इन्हीं नाइयों ने," चितळांकडे बोट. मान उंचावून तोंड पोचेल तिथवर सगळं साफ. करधईची कोवळी रोपंही खुरटलेली. खाणारी तोंडं वाढली की नवं झाड उभं राहत नाही, हे मला त्या बोरीखाली कळलं.

इथले वाघ संपले होते. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडले, २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास जनावरं लागतात. कळप न घटता हे चालायचं तर एका वाघामागे पाचेकशे हवीत. म्हणजे काल जी जास्त वाटली, ती उद्या कमी पडू शकतात. मग वनखातं जास्तीच्या रानातून कमी असलेल्या रानात चितळं हलवतं. शेजारच्या कुनो उद्यानात चित्त्यांसाठी अशीच आणली.

हलवायची कशी, ते ऐकताना आत्याने गजक खायची थांबवली. चितळाला हात लावला तर ते धसक्यानेच मरू शकतं. म्हणून 'बोमा': कापडी पडद्यांचं भलंमोठं नरसाळं. रुंद तोंडाशी चारा टाकून दिवसेंदिवस सवय लावायची. आत आली की मागचा पडदा सरकवायचा, आणि नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाला लावलेल्या अंधाऱ्या ट्रकमध्ये ती आपणहून चढतात. खाली गवत, आवाज बंद, प्रवास शक्यतो रात्री.

"बेशुद्ध नाही करत?" आत्याने विचारलं.

"कितनों को करेंगे, माताजी?"

सख्यासागरावर पोचलो तेव्हा ऊन वर आलेलं. काठावर मगर लाकडासारखी पडून होती. माधो महाराजांच्या मातोश्री सख्याराजे, त्यांच्या नावाचं हे तळं. आत्याने हात जोडले, मग धपाटे उघडले.

परतताना उद्यान मागे पडलं. तेरा किलोमीटर दगडी भिंत बांधली आहे म्हणे, जनावरं आणि गावं वेगळी राहावीत म्हणून. थोडं पुढे हरभऱ्याच्या वावरात पाच चितळं, माना खाली घालून, निवांत. बांधावर एक म्हातारा थाळी बडवत होता; ती ढिम्म.

आत्याने काच खाली केली. "अरे, ही पाच मोजणीत धरलीत का रे कुणी?"