आशाताईंच्या मदतीला समिती: माझा अनुभव

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती बहुतेक गावांत कागदावर असतेच. आमच्याकडे ती कामाला लागली एका प्रश्नामुळे: या महिन्यात आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचं, कुठे अडलं? हा विषय बैठकीत पहिलाच घ्यायचा. शेवटी ठेवला की चहा येतो आणि माणसं उठतात.

उत्तरं बारीकसारीक असतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा गृहभेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि तिथे वजन करताना अडतं. स्प्रिंगच्या काट्याला रिकामी झोळी अडकवून सुई शून्यावर आणायची, मगच बाळ ठेवायचं. नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर पडतं आणि दोन किलोच्या आतलं, काट्याच्या लाल, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यातलं बाळ पिवळ्यात दिसतं. सुई अडकत असेल तर समितीचा ठराव जोडून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करायची. तोंडी सांगितलेलं मासिक बैठकीच्या गडबडीत विरतं.

अबंधित निधी, म्हणजे समितीने गरजेप्रमाणे खर्चायचे सरकारी पैसे, वर्षाला फार नसतो. एकाच घराच्या फायद्यासाठी तो वापरता येत नाही. निराधार बाई किंवा अगदी गरीब कुटुंब एवढाच अपवाद. आमच्या मते सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च म्हणजे अंगणवाडीतला पडदा आणि टेबल. आडोसा नसला की गरोदर बाईची पोटावरून तपासणी होतच नाही, बीपी बघून ती घरी जाते.

घोळ होतो तो समितीच्या बँक खात्यावरच्या सह्यांचा. निवडणुकीनंतर अध्यक्ष बदलले की बँकेत नवा ठराव, नमुना सह्या, केवायसी. हे लगेच केलं नाही तर पैसे अडकतात आणि मार्चअखेर घाईत नको ते विकत घेतलं जातं. पावत्या त्याच दिवशी रजिस्टरला चिकटवाव्यात.

बिनपैशाची मदत याहून मोठी. रात्री १०२ ची रुग्णवाहिका वेळेत पोचणार नसेल, तर गावातल्या जीपवाल्यांचे नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर हवेत, भाडं आधी ठरवून. नाहीतर कळा सुरू असताना घासाघीस चालते. लसीला नकार देणाऱ्या घरी त्याच भावकीतला सदस्य आशाताईंबरोबर जातो. सासूबाई त्याचं ऐकतात.

समितीची लिखापढी मात्र आशाताईंच्या गळ्यात घालू नये. आमच्याकडे इतिवृत्ताचा मसुदा शिकलेला एखादा सदस्य लिहितो, सचिव वाचून सही करतात.